साथीच्या दिवसांतील कारखाना

साथीच्या रोगाचा इतिहास आपण मृतांच्या आकड्यांनी मोजतो. पण साथ आणखी एक गोष्ट करते, आणि तिची नोंद सहसा होत नाही : ती कामावरचा जाणता माणूस जागेवरून हलविते. जेथे घातक द्रव्ये साठविलेली असतात, तेथे असे हलणे हेच दुसरे संकट ठरते.

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत साडेआठ लाखांच्या त्या शहरातील निम्म्याच्या आसपास वस्ती बाहेर पडली. उरलेले कामगार मिळविण्यासाठी गिरणीवाले नाक्यानाक्यावर चढ्या मजुरीची बोली करू लागले. हाल अतोनात झाले. परंतु माणूस गेला की साचा थांबे, बॉयलरचा विस्तव विझे, आणि थांबलेला साचा कोणाचा जीव घेत नसे.

रसायनांच्या कारखान्याचे तसे नाही. वऱ्हाडी माणसाला हे समजावणे कठीण पडू नये. ओली सरकी ढिगात राहिली, तर तिला कोणी काडी लावावी लागत नाही; ती आतल्या आत तापते, आणि कडेला हात लावून पाहणाऱ्याला ते कळतही नाही. ज्यापासून प्लास्टिक करतात त्या स्टायरीन नामक द्रवाची जात हीच. ते थंड ठेवावे लागते, आणि त्यात रोधक द्रव्य पुरेसे आहे ना हे पाहत राहावे लागते. नाही तर त्याचे कण आपसांत जुळू लागतात, त्यातून उष्णता निघते, आणि ती उष्णता ही जुळणी आणखी वाढविते.

करोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. ७ मेच्या पहाटे विशाखापट्टणमजवळ वेंकटापुरम येथे एलजी पॉलिमर्स कारखान्याच्या टाकीतून स्टायरीनची वाफ झोपलेल्या वस्तीवर पसरली. बारा माणसे दगावली; शेकडो रुग्णालयात गेली. आंध्र शासनाच्या समितीने कारणे शोधली, ती साधी होती. शीतयंत्रणा रात्री बंद ठेवली जात होती, तापमान टाकीच्या तळाशीच मोजले जात होते, रोधक द्रव्य पुरेसे नव्हते, आणि भोंगा वाजलाच नाही. लक्षात घ्या, देखभालीसाठी माणसांना पास मिळालेले होते. साथीने वाट अडविली नव्हती; काळजीच घेतली गेली नव्हती.

यात भोपाळची आठवण न होईल तर नवल. डिसेंबर १९८४ मध्ये तेथेही त्या वायूचे उत्पादन थांबलेलेच होते, शीतयंत्रणा बंद होती, आणि टाकी मात्र भरलेली होती. त्या आपत्तीनंतर १९८७ साली कारखाना कायदा सुधारून धोक्याची माहिती व आपत्कालीन योजना कामगारांना आणि शेजारच्या लोकांनाही सांगणे मालकांवर बंधनकारक झाले. तरी पस्तीस वर्षांनी तीच चूक घडली. वेंकटापुरमनंतर दोनच दिवसांत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सूचना काढल्या : पुन्हा सुरू होणाऱ्या कारखान्याने पहिला आठवडा चाचणीचा मानावा, उत्पादनाचा हव्यास धरू नये, आणि वेगळा आवाज, वास वा धूर जाणवताच दुरुस्ती करावी, गरज पडल्यास काम थांबवावे.

आता आपल्या दाराशी येऊ. नागपूर रस्त्यावरील नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने आहेत, आणि २७० मेगावॉटच्या पाच संचांचे औष्णिक वीजकेंद्र आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत दुसरी लाट अमरावती-अकोल्याकडे इतरांच्या आधी आली आणि २२ तारखेपासून अमरावती पुन्हा बंद झाली. शहराला कुलूप लावता येते. वीजकेंद्राला तसे लावता येत नाही. कोळशाचा ढीग सरकीसारखाच स्वतः तापतो, आणि मोठ्या जनित्रांना थंड ठेवणारा हायड्रोजन स्फोटक असतो. निम्मी माणसे अंथरुणाला खिळली, तरी पाळी कोणाला तरी करावीच लागते. तो बदली माणूस पुष्कळदा कंत्राटी असतो, नवखा असतो. आणि पगार तुटेल म्हणून अंगात ताप असतानाही येतो.

म्हणून कोणतेही ज्ञान एका माणसाच्या डोक्यात ठेवू नये. प्रत्येक कामाचे दोन जाणते असावेत, आजाऱ्याला भरपगारी रजा असावी, आणि उत्पादन थांबले तरी पहारा थांबू नये. आपण शेजाऱ्यांनीही विचारावे : रात्री टाकीपाशी कोण असतो? भोंगा झाला तर कोणत्या दिशेला जावयाचे? कायद्याने दिलेला हा अधिकार साथ नसताना वापरला, तरच तो साथीत उपयोगी पडेल.