बाथ गांवचा हिशेब

एखाद्या भयंकर अपराधाची वार्ता कानीं पडली म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो "असें त्यानें कां केलें?" हाच. या प्रश्नाचें जें उत्तर प्रथम हातीं लागेल तें घेऊन मनाचें समाधान करून घेण्याची आपणां सर्वांसच घाई असते. इतिहासाच्या अभ्यासकानें मात्र ती करूं नये. कारण हें पहिलें उत्तर पुष्कळदां अपराध्यानेंच आपल्यासाठीं तयार करून ठेवलेलें असतें. अमेरिकेंतील बाथ या खेड्यांत १८ मे १९२७ रोजीं जें घडलें, त्याचा वृत्तान्त वाचतांना हा विचार आमच्या मनांत दृढ झाला.

बाथ हें मिशिगन संस्थानांतील, लान्सिंग या राजधानीजवळचें शेतकऱ्यांचें गांव. पूर्वीं त्या भागांत एकेका खोलीच्या विखुरलेल्या शाळा असत. १९२२ सालीं लोकांनीं मतें देऊन सर्वांची मिळून एक मोठी शाळा काढण्याचें ठरविलें. तिच्या खर्चाकरितां जमिनीवरील कर वाढला. शाळेसाठीं कर वाढला कीं कुरकुर होते, हें कोणत्याही देशांतल्या शाळामंडळाच्या सभासदास सांगावयास नको.

अँड्र्यू कीहो हा १९१९ मध्यें या गांवीं शेत घेऊन राहिला. वीजकाम शिकलेला, यंत्रांत रमणारा, सदऱ्यास डाग पडतांच तो बदलणारा, शेजाऱ्यांच्या अडचणीस धांवणारा, परंतु मतभेद मुळींच न खपणारा, असें त्याचें वर्णन आढळतें. काटकसरीबद्दल त्याची ख्याती असल्यामुळें १९२४ मध्यें तो शाळामंडळाचा खजिनदार झाला. तेथें त्यानें कर कमी करण्याचा हट्ट धरला आणि शाळेचे प्रमुख एमरी हायक यांच्याशीं वैर मांडलें. १९२६ च्या वसंतांत गांवच्या चिटणिसाच्या निवडणुकींत तो पडला. पत्नी नेली क्षयानें वारंवार आजारी असे. गहाणाचे हप्ते त्यानें थांबविल्यामुळें शेतावर जप्तीची पाळी आली होती.

त्या दिवशीं सकाळीं पावणेनवाच्या सुमारास शाळेच्या उत्तर भागाखालीं स्फोट झाला. त्याच सुमारास कीहोचें घर व गोठे उडून पेटले. पत्नीला त्यानें आधींच ठार केलें होतें. अर्ध्या तासानें, आईबाप ढिगारे उपशीत असतां, तो लोखंडाच्या तुकड्यांनीं भरलेली मालमोटार घेऊन आला, हायक यांस जवळ बोलाविलें आणि ती उडविली. त्यांत तो स्वतः, हायक व आणखी तिघे गेले. त्या तिघांत पहिल्या स्फोटांतून वांचलेला एक लहान मुलगा होता. एकंदर ३८ मुलें आणि ६ प्रौढ माणसें मारेकऱ्याच्या हातून बळी पडलीं. दक्षिण भागाखालीं ५०० पौंडांहून अधिक स्फोटक द्रव्य न पेटतां राहिलेलें सांपडलें, म्हणून बाकीचीं मुलें वांचलीं.

कराच्या व कर्जाच्या बोजाखालीं माणूस पिसाळला, हें या प्रश्नाचें पहिलें उत्तर. तें हिशेबास टिकत नाहीं. त्याच्या शेतावर न वापरलेलीं जीं अवजारें व सामान पडून होतें, तें विकून कर्ज फिटलें असतें, असें मागाहून दिसून आलें. त्यानें आपल्याच झाडांच्या साली सभोंवार काढून तीं मारलीं. घोडे आगींतून सुटूं नयेत म्हणून त्यांचे पाय तारेनें बांधले. शेत वांचविण्याकरितां धडपडणाऱ्याचें हें वर्तन नव्हे. आणि क्षणिक संताप म्हणावा, तर महायुद्धांतील शिलकी द्रव्यापासून बनविलेलें, शेतकरी बुंधे उडविण्याकरितां वापरीत तें पायरोटॉल त्यानें १९२६ च्या उन्हाळ्यांतच एक टनाहून अधिक खरेदी केलें होतें. शाळेच्या दुरुस्तीचें काम त्याच्याकडे असल्यामुळें तेथें त्यास अडविणारें कोणी नव्हतें. वेडाची सबबही पुरत नाहीं. त्याचें वागणें शहाण्या माणसाचें होतें व म्हणूनच कोणास संशय आला नाहीं, असा निर्णय चौकशीच्या पंचांनीं दिला.

आम्हांस सर्वांत विचारांत पाडतो तो एक साधा कागद. मरणापूर्वीं कीहोनें शाळेच्या हिशेबाच्या वह्या आपल्या जामीनकीच्या विमा-दलालाकडे रवाना केल्या आणि सोबतच्या पत्रांत अवघ्या कांहीं सेंटांच्या तफावतीचा नीट खुलासा केला. पैपैच्या चुकीचा डाग ज्यास आपल्या नांवावर नको होता, त्यानें ३८ मुलांचे प्राण मात्र दुसऱ्याच्या खातीं मांडले! त्याच्या कुंपणावर मिळालेल्या फळीवर त्यानें लिहिलें होतें कीं, गुन्हेगार जन्मत नाहींत, ते घडविले जातात. गुन्हा माझा, पण जबाबदारी गांवाची, हा त्याचा शेवटचा हिशेब होय.

आमच्या मतें खरा हेतु दारिद्र्यांत नसून दुखावलेल्या अहंकारांत शोधला पाहिजे. मतें देऊन गांवानें शाळा उभारली आणि मतें देऊनच त्यास नाकारलें. तेव्हां गांवानें एकत्र होऊन जें निर्माण केलें होतें, नेमका त्यावरच त्याचा घाव पडला. तथापि येथेंही आम्ही थांबतों. निवडणुकींत पडलेले व कर्जांत बुडालेले शेतकरी त्या काळीं असंख्य होते. ते हप्ते फेडीत राहिले किंवा शेत सोडून गेले. गाऱ्हाणें कृत्याची दिशा दाखवितें, पण कृत्य करवीत नाहीं. करवितो तो कर्त्याचा निश्चय. हा भेद विसरून आपण कराचेंच कारण सांगूं लागलों, तर ती फळी आपण आपल्या हातानें पुन्हा उभी करतों.

दोनच दिवसांनीं लिंडबर्गचें विमान अटलांटिकपार निघालें आणि वृत्तपत्रांचें लक्ष तिकडे वळलें. बाथचे लोक मात्र मुलांस पुरण्यांत गुंतले होते. सिनेटर जेम्स कझन्स यांच्या देणगीनें १९२८ मध्यें त्याच जागीं नवी शाळा उघडली. ती १९७५ पर्यंत उभी होती. आज तेथें स्मारकाचें उद्यान असून जुन्या शाळेचा घुमट त्यांत जतन केलेला आहे. फळीवरच्या वाक्यास गांवानें शब्दांनीं उत्तर दिलें नाहीं; त्यानें पुन्हा शाळाच उघडली.