टिळकांच्या डब्यातला तो अनोळखी माणूस

हेडफोन लावलेत ना? आणि ट्रेनमध्ये बसून ऐकत असाल तर आणखीच छान, कारण आजची गोष्ट ट्रेनमध्येच सुरू होते.

साल 1893. तिशी ओलांडलेला एक मराठी माणूस राजनांदगावला निघालाय. तिथल्या संस्थानात नोकरी मिळाली आहे. नाव नारायण वामन टिळक. (लोकमान्य नव्हेत. हे कवी टिळक, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे.) संस्कृतचा दांडगा अभ्यास, डोक्यात सतत धर्माचा विचार. जातिभेद, मूर्तिपूजा वगळून आपणच एक नवा धर्म काढावा, इथपर्यंत मजल गेलेली.

डब्यात एक युरोपियन बसलेला होता. आता जरा थांबा. हे 1893 आहे. याच वर्षी जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरित्झबर्ग स्टेशनवर मोहनदास गांधी नावाच्या तरुण वकिलाला तिकीट असूनही पहिल्या वर्गातून खाली उतरवलं होतं. आपल्याकडेही गोरा साहेब डब्यात असला की ‘नेटिव्ह’ प्रवाशाला काय वागणूक मिळेल, याचा भरवसा नसायचा. पण हा साहेब टिळकांशी अदबीने वागला. बोलायला लागला तो संस्कृत काव्याबद्दल! धर्माचा विषय नंतर निघाला. उतरण्याआधी त्याने टिळकांच्या हातात ‘नवा करार’ ठेवला आणि सांगितलं की हे वाचा, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल.

टिळकांना ते भविष्य काही पटलं नाही. पण वाचायचा शब्द दिला होता, म्हणून पेन्सिल घेऊन खुणा करत वाचायला बसले. मत्तयच्या पाचव्या अध्यायापाशी, म्हणजे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि अडकले. पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण त्या ‘दोन वर्षां’वर भर देतात. बघा, भविष्य कसं खरं ठरलं! मला ते तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही. समजा त्या माणसाने आधी ताठा दाखवला असता आणि मग पुस्तक पुढे केलं असतं, तर टिळकांसारख्या मानी माणसाने ते खिडकीबाहेर भिरकावलं असतं. आधी माणुसकीची वागणूक, मग समोरच्याच्या आवडीच्या विषयावर गप्पा, आणि पुस्तक सगळ्यात शेवटी. चांगल्या शोमरोन्याची येशूने सांगितलेली गोष्ट आठवते का? रस्त्यात जखमी पडलेला माणूस कोणीच ठरवून शोधायला निघालेलं नव्हतं. तिघांनाही तो सारखाच अचानक दिसला. फरक पडला तो थांबण्याने.

पण मंडळी, गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी राहील. ज्याला टिळक देवाने घडवून आणलेली भेट समजत होते, तिने त्यांच्या पत्नीचं घर मोडलं. लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेताच बाप्तिस्मा झाला होता. पदरात लहानगा दत्तू, सगळीकडे चर्चा, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा. काही वर्षं त्या माहेरच्या माणसांत राहिल्या. मग नगरला टिळकांकडे आल्या, तरी सोवळं-ओवळं सोडलं नाही. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. पुढे राहुरीला असताना लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केल्यात. इथून पुढे कोणाच्याही हातचं खायचं. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांना गाडीत कोणी साहेब भेटला नव्हता. जे केलं ते स्वतःच्या डोक्याने आणि स्वतःच्या वेळेने. ‘स्मृतिचित्रे’ वाचाच. रडता रडता हसाल.

त्याच पुस्तकात कळतं की टिळकांचं घर म्हणजे जवळजवळ धर्मशाळा होती. बाजारात गेलेला नवरा काय घेऊन येईल, कोणाला घेऊन येईल, याचा बाईंना पत्ता नसायचा. तो येणारा प्रत्येक माणूस टिळकांच्या लेखी देवाने पाठवलेला; त्याच्यासाठी पीठ-मीठ कुठून आणायचं हा प्रश्न मात्र लक्ष्मीबाईंचा!

त्यातलाच एक मुलगा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. 1907 मध्ये जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. धरणगावच्या या सतरा वर्षांच्या पोराने तिथे कविता म्हटल्या आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. पुढे टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणलं. हळवा, हट्टी, रुसका मुलगा. लक्ष्मीबाईंनी त्याला लेकरासारखं सांभाळलं. नगरच्या सनातनी मंडळींना काय वाटलं असेल याची कल्पना करा: ब्राह्मणाचा मुलगा पाद्र्याच्या घरात, म्हणजे आज ना उद्या बाटणारच!

तो ख्रिस्ती झाला नाही. शेवटपर्यंत नाही. आणि तरी त्या घरात त्याच्या वाट्याचं प्रेम कमी झालं नाही. मला स्वतःला टिळकांच्या बाप्तिस्म्यापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. गाडीतल्या साहेबाला निदान एक भविष्य तरी खरं करून बघायचं होतं. ठोमऱ्याच्या ताटात भात वाढताना लक्ष्मीबाईंच्या मनात तसलं काहीच नव्हतं. पोराला भूक लागलीय, एवढंच.

5 मे 1918 ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय अवघं 27. वर्षभराने, 9 मे 1919 ला, मुंबईत टिळकही गेले. लक्ष्मीबाईंनी पुढे आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा त्यांत ठोमऱ्याला घरच्या मुलाची जागा दिली, त्याच्या रुसव्या-फुगव्यांसकट.

आणि तो साहेब? तो आपल्या स्टेशनवर उतरून गेला.