गंजीफ्रॉकचा गळा

आज आपण एका शब्दापासून सुरुवात करूया: गंजीफ्रॉक. आपल्या आजोबांच्या पिढीत सदऱ्याच्या आत घालायच्या बनियनला सर्रास हा शब्द होता. त्याचं मूळ आहे इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटाच्या नावात. 'गर्न्सी फ्रॉक' म्हणजे खलाशी आणि मच्छीमार घालत तो लोकरीचा, हाताने विणलेला स्वेटर. ब्रिटनच्या किनाऱ्यावर बोलीत त्याचं 'गॅन्झी' झालं, आपल्याकडे 'गंजी'. आपल्या उकाड्यात लोकर गेली, नाव तेवढं राहिलं.

आज या गॅन्झीच्या फक्त गळ्याबद्दल बोलायचं आहे. एवढ्याशा गळ्यात कसला आलाय इतिहास, असं वाटेल. पण ज्यांनी कधी स्वेटर विणलाय त्यांना विचारा. पाठ होते, बाह्या होतात. गळ्याशी आलं की सुया थांबतात आणि कुणा जाणत्या मावशीला गाठावं लागतं. अडचण साधी आहे. डोकं मानेपेक्षा मोठं, म्हणून गळा ताणला गेला पाहिजे. आणि मान खांद्यांच्या मधोमध सरळ उभी नसते, ती पुढे झुकलेली असते. म्हणून पुढचा गळा मागच्यापेक्षा खाली हवा. नाहीतर पट्टी पुढे कंठाला टोचते आणि मागे पोकळ राहते.

आता एकोणिसाव्या शतकातली गॅन्झी बघा. व्हिटबीच्या फ्रँक मेडो सटक्लिफ यांनी काढलेल्या मच्छीमारांच्या छायाचित्रांत ती दिसते. पाच किंवा जास्त लांब सुयांवर ती नळीसारखी गोल विणली जायची. बगलेपाशी टाके दोन भागांत वाटायचे, आणि पुढचा-मागचा भाग हुबेहूब सारखा, सरळ वर न्यायचा. वरच्या टाक्यांचे ढोबळ तीन भाग: एक खांदा, मधे गळा, दुसरा खांदा. म्हणजे 120 टाके असतील तर 40-40-40. खांदे जोडायचे, मधले टाके उचलून पट्टी विणायची. पुढे उतार नाहीच!

मग या बायकांना आकार देणं येत नव्हतं का? इथे आपली नेहमीची चूक होते. साधं ते अडाणी, असं आपण धरून चालतो. पण याच बायका मोजे विणत होत्या. मोज्याची टाच वळवणं हे गळ्यापेक्षा अवघड काम आहे. तेव्हा सरळ गळा हा अज्ञानाचा नव्हे, निवडीचा भाग होता. पाठपोट सारखं असलं की गॅन्झी उलटसुलट कशीही घालता येते, त्यामुळे कोपर आणि छाती एकाच जागी झिजत नाहीत. बाह्या खांद्याकडून मनगटाकडे विणलेल्या, म्हणजे झिजलेला कफ उसवून पुन्हा विणता येतो. आणि गळा टोचू नये म्हणून? काही ठिकाणी गळ्याच्या दोन्ही कोपऱ्यांत छोटी त्रिकोणी कळी घालत. ही युक्ती जुन्या तागाच्या सदऱ्यांतून आलेली. स्कॉटलंडकडे खांद्याजवळ बटणं लावत, म्हणजे गळा घट्टही राहतो आणि डोकंही जातं.

आजची रीत वेगळी. त्याच 40 टाक्यांत पुढच्या बाजूला मधले 16 टाके आधी बाजूला ठेवायचे. मग दोन्हीकडे एकाआड एक ओळीत एकेक टाका कमी करत 12-12 टाके घटवायचे. 24 ओळींत गोल गळा तयार. पाठ मात्र जवळजवळ सरळच. बसतो सुरेख, पण आता पुढचं पुढे आणि मागचं मागे. उलटून घालायची सोय गेली.

हा बदल एका दिवसात झाला नाही, त्याला कारणंही अनेक. त्यातलं एक ठळक उदाहरण शेटलंड बेटांचं. 1922 साली सेंट अँड्रूजच्या गोल्फ क्लबचा कॅप्टन म्हणून युवराज एडवर्ड फेअर आयल नक्षीचा स्वेटर घालून मैदानात आला. 1925 मध्ये जॉन सेंट हेलियर लँडर यांनी त्याचं तशाच स्वेटरमधलं चित्र काढलं. आणि त्याला मागणी आली. या स्वेटरचा गळा इंग्रजी व्ही अक्षरासारखा, कारण आत शर्टाची कॉलर आणि टाय दिसायला हवा. मच्छीमाराला वारा अडवायचा होता, साहेबाला टाय दाखवायचा होता!

विणणाऱ्यांनी यावर काय केलं? रंगीत नक्षी गोल विणणंच सोयीचं. म्हणून गळ्याच्या जागी काही जादा टाके घालून नळी तशीच चालू ठेवायची, दर दोन-तीन फेऱ्यांनी दोन्ही कडांना एकेक टाका कमी करायचा, आणि शेवटी ते जादा टाके मधोमध चक्क कात्रीने कापायचे. शेटलंडची लोकर केसाळ, एकमेकींना धरून राहते, त्यामुळे टाके सुटत नाहीत. ऐकताना पोटात गोळा येतो, पण हे धाडस नाही. आपल्या लोकरीची पुरती ओळख आहे ती.

आणि या ओळखीची किंमत काय मिळत होती? 1872 च्या सरकारी चौकशी अहवालात शेटलंडच्या विणकरणींच्या जबान्या आहेत. शाली आणि मोजे दुकानात द्यायचे, बदल्यात रोख नाही, तर चहा आणि कापड. पाठीवर पिटाचं ओझं घेऊन चालतानाही त्यांच्या सुया चालूच असत, म्हणून ते 'काम' धरलं जात नव्हतं, फावला वेळ धरला जायचा. स्वेटरला राजपुत्राचं नाव चिकटलं. गळा कापणारे हात बहुतेक निनावीच राहिले.

म्हणून आम्ही म्हणतो, इतिहास फक्त कागदात शोधू नका. घरातल्या ट्रंकेत आईने किंवा आत्याने विणलेला एखादा स्वेटर असेल. तो काढा, गळा उलटून बघा. कुठे टाके घटवलेत, कुठे उचललेत, कुठे चुकून पुन्हा सावरलंय, ते मोजा. तिने त्याबद्दल कधी काही लिहून ठेवलं नसेल. पण त्या गळ्यापाशी ती थांबली होती, विचार करत होती, हे तिथे वाचता येतं.