प्रस्तावना : पुढचं सांगणारं रक्त

पावसाळा सरत आला की महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात एक प्रश्न कानावर येतो : ‘प्लेटलेट्स किती आल्या?’ विचारणारा शेजारी असतो, ऑफिसातला सहकारी असतो, कधी रिक्षावालाही असतो. आकडा ऐकून तो चेहरा गंभीर करतो, नाहीतर ‘मग काही नाही, होईल बरं’ म्हणतो. कुणीतरी पपईच्या पानांचा रस सुचवतं. या पुस्तकाचा विषय एवढ्या बोलण्यात आलाच. शरीरातली मोजता येणारी एखादी गोष्ट घ्यायची आणि दुखणं पुढे कोणत्या वाटेने जाईल ते तिच्यावरून सांगायचं. अशा खुणेला जैवसूचक म्हणतात. वॉर्डात सगळे ‘मार्कर’च म्हणतात, म्हणून इथे दोन्ही शब्द येतील.

गंमत अशी, की डेंग्यूत या प्रश्नाचा रोख जरा चुकतो. तिथला मोठा धोका असतो तो रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरण्याचा. द्रव बाहेर गेला की उरलेलं रक्त दाट होतं आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा हिस्सा, चढतो. मूळ पातळीपेक्षा तो 20 टक्क्यांनी वाढला तर पाझर झाला असं धरतात. हे बहुधा ताप उतरतानाच घडतं, घरचे ‘सुटलो’ म्हणतात नेमक्या त्याच सुमारास. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये दिलेल्या धोक्याच्या खुणांत प्लेटलेट्स आहेत, पण जोडीने : हिमॅटोक्रिट चढतोय आणि त्याच वेळी प्लेटलेट्स झपाट्याने उतरताहेत. शेजारी पोटदुखी, सतत उलट्या, सुस्ती अशा सुई न टोचता कळणाऱ्या खुणाही आहेत. सिंगापूर आणि मलेशियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. प्लेटलेट्स 20 हजार किंवा त्याखाली आलेल्या, पण रक्तस्राव होत नसलेल्या प्रौढांना प्लेटलेट्स चढवल्या, तरी पुढचा रक्तस्राव त्यामुळे कमी झाला नाही.

पुढचं सांगायची हौस जुनीच. चरकसंहितेचं इंद्रियस्थान बारा अध्यायांचं आहे आणि ते मरणाच्या पूर्वखुणांना वाहिलेलं आहे. रोग्याचा वर्ण, स्वर, गंध, स्वप्नं, सावली, इतकंच काय, वैद्याला बोलवायला आलेला माणूस कसा दिसतो हेही त्यात आहे. या शेवटच्या खुणेला आपण हसू. सूत्रस्थानातला साध्यासाध्य विचार मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सहज बरा होणारा, कष्टाने बरा होणारा, औषधावर रेटत नेता येणारा म्हणजे ‘याप्य’, आणि हात न लावावा असा, अशी रोगांची प्रतवारी तिथे केली आहे. (‘याप्य’ हा शब्द आपल्या बोलण्यातून गेला याची मला हळहळ वाटते. मधुमेहाला किंवा आजच्या एचआयव्हीला तो किती चपखल बसला असता!) असाध्य रोगाच्या नादी लागणाऱ्या वैद्याचा पैसा आणि नाव दोन्ही जातं, असा रोखठोक इशाराही तिथेच मिळतो. हिपोक्रेटीसच्या नावावरचा ग्रीक ग्रंथही वेगळं सांगत नाही : कोण जाणार हे आधी ओळखणाऱ्याला पुढे दोष लागत नाही. म्हणजे भाकितावर आधी वैद्याची अब्रू टिकून होती. रोग्याच्या पदरात त्यातलं काही पडायला फार काळ जावा लागला.

प्रयोगशाळेतल्या मार्करांपैकी एक जुना, आणि अजून रोज वापरातला, म्हणजे सीआरपी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये 1930 मध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात काहीतरी आढळलं. न्यूमोकॉकसच्या ‘सी’ नावाच्या शर्करेशी भेट झाली की ते साका बनून खाली बसायचं. दुखणं भरात असताना ही क्रिया दिसायची, रोगी सावरला की दिसेनाशी व्हायची. 2020-21 मध्ये कोविडच्या साथीत हेच सीआरपी डी-डायमर आणि फेरिटिनच्या जोडीने घराघरांत पोचलं. ‘स्कोअर 25 पैकी किती?’ हा सीटी स्कॅनचा प्रश्न आजीआजोबाही विचारू लागले. विकृतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला तेव्हा आनंद व्हावा की भीती वाटावी, कळेना.

भीती यासाठी, की मार्कर जे बोलतो ते घोळक्याबद्दल. ‘अशा शंभर जणींपैकी वीस जणींना आजार उलटतो’ एवढंच त्याला ठाऊक. समोर बसलेली बाई त्या विसांतली की ऐंशींतली, हे तो सांगत नाही. शिवाय तो वाक्याचा अर्धा भाग गिळतो : ‘आज मिळणारे उपचार मिळाले तर’.

हा गिळलेला अर्धा भाग किती मोलाचा आहे हे स्तनाच्या कर्करोगातल्या ‘हर-टू’ने दाखवलं. लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये 189 गाठी तपासल्या. ज्यांच्या गाठींत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या, त्या बायकांचा आजार लवकर उलटत होता आणि त्या लवकर दगावत होत्या. इथवर ती फक्त वाईट बातमी होती. मग त्याच जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनावर बेतलेलं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध आलं, 1998 मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली, आणि 2005 च्या मोठ्या चाचण्यांत शस्त्रक्रियेनंतर ते दिलेल्या स्त्रियांत आजार उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पूर्वी ‘हर-टू पॉझिटिव्ह’ वाचून डॉक्टरचा आवाज खाली जायचा. आज तोच शब्द औषधाचं दार उघडतो. आजार कुठे जाईल हे सांगणारा मार्कर वेगळा आणि कोणतं औषध लागू पडेल हे सांगणारा वेगळा. हर-टू दोन्हीकडे बसला. असं क्वचित घडतं.

बहुतेक मार्करांच्या नशिबी हे भाग्य नसतं. खूण आणि कारण यांची गल्लत झाली तर काय होतं, ते एचडीएलकडे पाहावं. हे ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ ज्यांचं जास्त, त्यांना हृदयविकार कमी, हे खरंच दिसतं. तेव्हा ते औषधाने वाढवूया, असा सरळ विचार झाला. टॉरसेट्रॅपिब दिलेल्या रुग्णांत एचडीएल 70 टक्क्यांहून अधिक वाढलं, आणि मृत्यूही वाढले. सुमारे 15 हजार लोकांची ती चाचणी डिसेंबर 2006 मध्ये थांबवावी लागली. औषध रक्तदाबही वाढवत होतं, हे मान्य. पण आकडा वाढवला म्हणजे काम झालं, हा भ्रम तिथे फुटला.

उलट उदाहरण आपल्या अंगणातलं. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत सिकलसेल हा हिमोग्लोबिनमधल्या दोषाचा ओळखीचा आजार आहे. ब्रुकलिनमधल्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी 1948 मध्ये एक निरीक्षण मांडलं : हा दोष घेऊन जन्मलेल्या तान्ह्या मुलांना पहिले काही महिने फारसा त्रास होत नाही, तो बहुधा त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन शिल्लक असतं म्हणून. पुढे मोठ्यांतही दिसलं, की हे हिमोग्लोबिन ज्यांच्यात जास्त टिकतं त्यांचा आजार सहसा सौम्य असतो. इथे खूण नुसती बघ्याची नाही. हे हिमोग्लोबिन सदोष रेणूंना एकमेकांना चिकटून दांड्यासारखं ताठ होऊ देत नाही. म्हणून ते वाढवणारं हायड्रॉक्सियुरिया देऊन पाहिलं, आणि 1995 मध्ये वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचं सिद्ध झालं. एचडीएलवर जो विचार उताणा पडला, तोच इथे पार झाला. आधी कळायला हवं होतं का? माझं मत, नाही. करून पाहण्यावाचून इलाज नव्हता.

आणखी एका दुखण्याचं नाव घेतलंच पाहिजे. मार्करांवर शोधनिबंध उदंड निघतात, पण दवाखान्यापर्यंत फार थोडे टिकतात. एक कारण म्हणजे रेघ. ‘अमुक आकड्याच्या वर धोका’ ही रेघ कित्येकदा निकाल हाती आल्यावर ओढली जाते, जिथे फरक सर्वांत मोठा दिसेल तिथे. परीक्षा झाल्यावर पास होण्याचे गुण ठरवावेत तसं हे. गाठींच्या मार्करांवर लिहिताना काय काय उघड सांगायलाच हवं, याची ‘रिमार्क’ नावाची नियमावली 2005 मध्ये आली ती यामुळेच. तिच्याबद्दल चौथ्या प्रकरणात सविस्तर आहे आणि ते प्रकरण थोडं रुक्ष आहे, हे आधीच कबूल करतो.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायलाच हवं असं नाही. विद्यार्थ्यांनी सिकलसेलपासून सुरुवात करावी, डॉक्टरांनी हर-टूपासून. बाकीच्यांनी डेंग्यूपासून केली तरी चालेल. घरात जुन्या रिपोर्टांची फाइल असेल तर ती हाताशी ठेवा. चौथ्या प्रकरणात तिची गरज पडेल.