शेजारच्या गावाचं शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक

नववीत असताना इतिहासाच्या सरांना मी विचारलं होतं, "सर, हिंजवडीचा इतिहास कुठे मिळेल?" सर म्हणाले, "गावाला इतिहास असतोच गं, फक्त तो कुणीतरी लिहून ठेवावा लागतो." तेव्हा वर्ग हसला होता. हिंजवडीत लिहून ठेवण्यासारखं होतं तरी काय? ऊस, ज्वारी, म्हाताळलेले आंबे आणि वाकडपर्यंतचा धुळीचा रस्ता. त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला पंचवीस वर्षांनी सापडलं. तेच या स्मरणिकेत लिहिते आहे.

२०२०च्या टाळेबंदीत ऑफिस घरात आलं होतं. मुलाला शाळेने 'माझा परिसर' असा प्रकल्प दिला होता, म्हणून मी जुने नकाशे शोधायला बसले आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या डिजिटल संग्रहात जाऊन पोहोचले. ही संस्था रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली उभी राहिली. तिला १९९३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ग्रंथालय मात्र संस्थेहून जुनं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचं ते ग्रंथालय. आज त्याला संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांचं नाव आहे.

अर्थशास्त्राचं ग्रंथालय म्हणजे रुक्ष आकड्यांचं गोदाम, अशी माझी समजूत होती. आकडे आहेतच: जनगणनेचे अहवाल, जमीन महसुलाचे अहवाल, आयोगांचे जाड जाड खंड. पण त्याच कपाटात १८८५ साली निघालेलं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर आहे. त्यात पिकं, देवळं, जत्रा, रस्ते, सावकारीचे व्याजदर असं सगळं येतं. १८७५च्या मे महिन्यात सुप्याला शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे जाळले, त्या दंग्यांच्या चौकशीचे कागद आहेत. १९१८ ते १९३९ या काळात निघालेल्या 'सर्व्हंट ऑफ इंडिया' साप्ताहिकाचे अंक आहेत. गाडगीळांनी स्वतः केलेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी आहे. एक उघडलं की दुसरं दिसतं. रात्रीचे दोन कधी वाजायचे ते कळायचं नाही.

आपल्यातले बरेच जण संगणकाच्या धंद्यात आहेत, म्हणून एक अडचण सांगते. 'पिंपळे सौदागर' हे आजच्या इंग्रजी स्पेलिंगने शोधलं तेव्हा काहीच मिळालं नाही. जुन्या साहेबांनी 'पिंपळे'चं 'पिंपला' केलं होतं आणि 'सौदागर'चं स्पेलिंगही वेगळं होतं. मराठी पुस्तकांची तर याहून मोठी गंमत. स्कॅन केलेलं पान हे संगणकाच्या लेखी नुसतं चित्र. त्यातली अक्षरं ओळखून दिली नाहीत, तर पुस्तक असूनही शोधात येत नाही. शेवटी मी शोधाचा नाद सोडला आणि यादी एकेक ओळ वाचत गेले. ग्रंथालयात कपाटासमोर उभं राहून कणे वाचतात, तसं.

असं वाचतानाच ते पुस्तक हाती लागलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी दख्खनच्या एका खेड्यातली जमीन आणि मजुरी यांचा अभ्यास केला होता. १९१७ साली तो मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालेत पहिलं पुस्तक म्हणून छापला गेला. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर. मी रोज गाडीने जाते, जिथल्या सिग्नलला दहा-दहा मिनिटं अडकते, ते.

मॅनसाहेबांनी तिथे शेतं, पिकं, मजुरी, कर्ज या सगळ्याचा हिशेब मांडला. जुन्या नोंदींच्या आधारे त्यांनी दाखवलं, की १७७१ साली, म्हणजे थोरले माधवराव पेशवे हयात असताना, या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. पेशवाई बुडाली त्या १८१८ साली ती साडेसतरा एकर झाली. पुढच्या वीस वर्षांत १४ आणि १९१५च्या सुमाराला ७. तीही सलग नाही. गावातल्या जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे झाले होते आणि त्यातले चारशेहून अधिक एक एकरापेक्षा लहान होते. गावातल्या जवळजवळ दोन तृतीयांश कुटुंबांचं, बाहेरची मजुरी धरूनही, भागत नव्हतं.

दुसऱ्याच वर्षी, १९१८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवरचा माणसांचा भार कमी झाला पाहिजे आणि त्यासाठी उद्योग वाढले पाहिजेत, असा त्यांचा मुद्दा होता. ते वाचताना मी खिडकीबाहेर पाहिलं. तो उपाय देशात कुठे झाला असेल, तर आपल्या दाराशी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. मग चिंचवड, भोसरी, चाकण आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीला आपल्या हिंजवडीत एमआयडीसीचं आयटी पार्क. शेतीवरचा भार खरोखर उतरला. पण आपल्याकडे तो शेतीसकट उतरला.

पिंपळ्याला मॅन भेटले, हिंजवडीला कुणी भेटलं नाही. आपल्या दहावीच्या निकालानंतर चार-पाच वर्षांत सगळं गाव बदललं. कुणाच्या बांधावर काय होतं, कोणती विहीर कुणी बुजवली, पैसे आले ते कुठे गेले, हे कोणत्याही ग्रंथालयात नाही. आपल्याच वर्गातल्या काहींच्या घरी आज इमारती आहेत. काहींचे वडील दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जायचे. त्यांच्या नावावर काही नव्हतं, त्यामुळे मोबदला नाही आणि कागदही नाही. ते गाव सोडून कुठे गेले, हे आपल्यालाही माहीत नाही.

आणखी एक गोष्ट त्या तक्त्यांपाशी मनात आली. चाळीसाचे सात एकर झाले, त्यातली मोठी वाट भावाभावांच्या वाटण्यांची. मुलींना त्या हिशेबात जागाच नव्हती. १९९४ साली, आपण शाळेत असताना, महाराष्ट्राने कायदा बदलला आणि अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितल्याचं आठवत नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा वडील म्हणाले, "ताई, एक सही कर गं, तलाठ्याकडे द्यायचीय." मी इंजिनिअर झाले होते, परीक्षेत एकेक ओळ तपासायची सवय होती. तो कागद मात्र मी वाचला नाही. ते हक्कसोडपत्र होतं. वडिलांवर माझा राग नाही, भावाशी आजही चांगलं आहे. पण फोनवर सहज विचारलं, तर वर्गातल्या सहा मैत्रिणींपैकी पाच जणींनी अशीच सही केली होती. शंभर वर्षांनी कुणी हिंजवडीचा हिशेब मांडायला बसलं, तर त्याला आम्ही दिसणार नाही.

म्हणून मेळाव्याच्या दिवशी मी एक स्कॅनर घेऊन येणार आहे. घरातले जुने सातबारे, फाळणीचे नकाशे, खरेदीखतं, संपादनाच्या नोटिसा, शेताचे आणि विहिरींचे फोटो घेऊन या. कागद तुमचाच राहील, मी फक्त प्रत घेईन. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांनी मोकळ्या हाताने यावं आणि बोलावं, मी लिहून घेईन. ज्या गोष्टी बाहेर जायला नकोत, त्या जाणार नाहीत. बाकीच्यांची नीट यादी करू आणि पुण्यातल्या एखाद्या ग्रंथालयाला ठेवून घेण्याची विनंती करू. गावाचं नाव सगळ्या स्पेलिंगांनी घालू, म्हणजे पुढच्याला माझ्यासारखं शोधावं लागणार नाही.

सुरुवात शाळेच्या जनरल रजिस्टरपासून करावी, असं मुख्याध्यापकांना विचारलं आहे. मालकाची, कुळाची, मजुराची मुलं आणि आम्ही मुली, सगळ्यांची नावं एकाखाली एक लिहिलेला आपल्या गावातला तेवढा एकच कागद मला माहीत आहे.