बिहारचा भूकंप आणि एक डॉलर

१/९
सामाजिक मानसशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात 'कॉग्निटिव्ह डिसोनन्स', म्हणजेच बोधनिक विसंवाद, हा सिद्धांत हमखास असतो. विद्यार्थी त्यातला एक आणि वीस डॉलरचा प्रयोग पाठ करतात. परंतु या सिद्धांताचे बीज अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत रुजलेले नाही. ते रुजले बिहारमधल्या अफवांत. #धागा

२/९
१५ जानेवारी १९३४. भर दुपारी उत्तर बिहार आणि नेपाळ भूकंपाने हादरले. मुंगेर आणि मुजफ्फरपूर ही शहरे उद्ध्वस्त झाली. दोन्ही प्रदेश मिळून १०,००० हून अधिक माणसे दगावली. जमिनीचे हादरे थांबले आणि अफवांचे सुरू झाले.

३/९
पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी या अफवा टिपून ठेवल्या. अमुक तारखेला पाटण्यावर चक्रीवादळ येणार, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, नेपाळच्या सीमेकडून मधुबनीवर पूर चालून येत आहे! त्यांचा अभ्यास १९३५ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी'त प्रसिद्ध झाला.

४/९
अनिश्चितता, अपरिचित संकट, पडताळून पाहता न येणाऱ्या गोष्टी आणि साऱ्या समूहाचा जीव गुंतलेला विषय, अशा परिस्थितीत अफवा जन्मते, असे प्रसाद यांचे प्रतिपादन होते. अफवा हा समूहाने परिस्थितीला दिलेला प्रतिसाद आहे, ही त्यांची दृष्टी. १९५० साली त्यांनी या विषयावर पुन्हा लिहिले.

५/९
पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर संज्ञापनावरील संशोधनाचा आढावा घेत होते. प्रसाद यांचा लेख वाचताना ते एका गोष्टीपाशी थबकले. भेदरलेल्या माणसांनी धीर देणाऱ्या अफवा पसरवायला हव्या होत्या. मग त्यांनी अधिक भयंकर अफवांवर विश्वास का ठेवला?

६/९
फेस्टिंगर यांना सुचलेले उत्तर असे : धक्का जाणवला, पण स्वतःचे घर शाबूत राहिले, अशा माणसांच्या मनात भीती होती आणि तिला साजेसे कारण डोळ्यांसमोर नव्हते. हा विसंवाद मनाला सोसेना. अफवांनी त्यांना भीती दिली नाही. आधीच असलेल्या भीतीला कारण पुरवले.

७/९
दुर्गानंद सिन्हा यांचा दार्जिलिंगमधील दरडींवरील अभ्यास १९५२ साली आला. तिथे विध्वंस लोकांच्या डोळ्यांसमोर होता आणि पुढच्या महासंकटाच्या तशा अफवा आढळल्या नाहीत. भीतीला कारण समोरच होते! अर्थात, दोन निरनिराळ्या आपत्तींची तुलना हा निर्णायक पुरावा ठरत नाही. म्हणून प्रयोगांची गरज होती.

८/९
१९५७ साली फेस्टिंगर यांचा सिद्धांत ग्रंथरूपाने आला. १९५९ साली त्यांनी कार्लस्मिथ यांच्यासह तो प्रसिद्ध प्रयोग मांडला. कंटाळवाणे काम केलेल्या विद्यार्थ्यांना 'काम मजेचे होते' असे पुढच्या व्यक्तीला सांगायला लावले. वीस डॉलर मिळालेल्यांना खोटे बोलण्याचे कारण मिळाले होते. एकच डॉलर मिळालेल्यांना मात्र ते काम खरोखरच बरे वाटू लागले.

९/९
'आपला सिद्धांत गोऱ्यांनी चोरला' असा निष्कर्ष कृपया काढू नका. फेस्टिंगर यांनी ग्रंथाच्या प्रास्ताविकातच या भूकंपाचा उल्लेख केला आहे आणि सिद्धांत त्यांचाच आहे. गाळले ते नंतरच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांनी. त्यामुळे आपल्याकडचा विद्यार्थी डॉलरचा हिशेब शिकतो, पण आपल्याच देशातील एका अभ्यासकाने हादरलेल्या प्रांतातून वेचलेली ती वाक्ये त्याला ठाऊक नसतात. पुढच्या वेळी एखादी भयंकर बातमी पुढे धाडण्यापूर्वी स्वतःला विचारून पाहा : या बातमीने मला भीती वाटली, की मला वाटणाऱ्या भीतीला ही बातमी हवी होती?