मधुविद्या आणि तिचे वांटेकरी

मधुविद्या दुसऱ्यास सांगशील तर शिरच्छेद करीन, असा धाक इंद्रानें दध्यङ् आथर्वण ऋषीस घातला होता. तरीही अश्विनीकुमारांकडून घोड्याचें मस्तक लावून घेऊन त्यानें ती त्यांस सांगितलीच. ती विद्या ब्रह्मविषयक खरी. परंतु ज्ञान कोंडावें कीं वांटावें, हा त्या कथेंतील वाद प्रत्यक्ष मधमाशांच्या इतिहासासही लागू पडतो, असें आम्हांस वाटतें.

जिनीव्हाचा फ्रांस्वा ह्यूबर दृष्टिहीन होता. तो प्रश्न विचारी आणि बर्नेन्स नांवाचा त्याचा सेवक पोळ्यांत पाहून उत्तर देई. या दोघांच्या सहकार्यांतून १७९२ सालीं मधमाशांवरील एक थोर निरीक्षणग्रंथ निर्माण झाला. पुढें १८५१ सालीं अमेरिकेंतील लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकानें एक मर्म हेरलें. सुमारें ३/८ इंचाची वाट माशा मोकळी ठेवतात. त्याहून अरुंद फट त्या डिंकासारख्या द्रव्यानें बुजवितात, आणि अधिक रुंद जागेंत पोळें बांधतात. हें माप पाळून चौकटी बसविल्यामुळें पोळें न मोडतां बाहेर काढतां येऊं लागलें.

तथापि आपली सातेरी माशी युरोपीय माशीहून लहान. तिला ती पेटी मोठी पडे. विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यूटन नांवाच्या पाद्र्यानें दक्षिण भारतांत तिच्याजोगी लहान पेटी बनविली आणि तेथील लोकांस ती वापरावयास शिकविलें. १९६२ सालीं पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. संशोधन व प्रशिक्षण हे दोन शब्द एकाच पाटीवर आले, हें आम्ही महत्त्वाचें मानतों.

पेटीपुरता हा व्यवहार असा जमला. पेटींत न राहणाऱ्या माशीचें काय, हा प्रश्न मात्र औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरास, जवळचा आहे. अजिंठ्याच्या कड्यावर आग्या माशीचीं मोहोळें लोंबतात. ती उघड्यावर एकच पोळें बांधते आणि ऋतु पालटला कीं स्थलांतर करते. ती चवताळली म्हणजे प्रेक्षकांची त्रेधा उडते. मग तिला शत्रु समजून जाळण्याकडे लोकांचें मन वळतें. वास्तविक आग्याच्या पोळ्यांत मध वरच्या जाड भागांत असतो, आणि अंडीं व पिलीं खालीं असतात. चुडीनें सगळें मोहोळ जाळलें तर वसाहत बुडते. मधाचाच तेवढा भाग कापला तर ती जगते. मराठवाड्यांतील कांद्याचें बियाणें व सूर्यफूल नीट धरावयाचें तर माशा हव्यातच. तेव्हां हा केवळ भूतदयेचा प्रश्न नव्हे.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, विद्यापीठाच्या टिपणांत जें आहे तें मोहोळ उतरविणाऱ्याच्या कानीं जावें, आणि हंगाम, वारा व फुलोरा यांविषयीं त्यास जें कळतें तें टिपणांत उतरावें. एरव्हीं एकाची विद्या कपाटांत पडून राहील, आणि दुसऱ्याची त्याच्याबरोबर चितेवर जाईल.